इंग्रजी सिद्ध करायला लांजीला

आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला लोक कुठं कुठं जात असतील ते असो, मी लांजीला गेले. हे सांगितलं की ऐकणारा आधी विचारतो, लांजी कुठं आलं? मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, गोंदियाहून फार लांब नाही. मग तो विचारतो, आणि तिथं इंग्रजीचं काय? त्याचं उत्तर लांबलचक आहे म्हणून लिहायला बसले. आता सगळं पार पडलंय, जीव भांड्यात पडलाय, त्यामुळे हसत हसत लिहिता येतंय. जाताना मात्र हसू कुठलं यायला.

मी भोरजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि भातखाचरातल्या कोळ्यांचा अभ्यास करते. आमच्या खाचरांत एक कोळी आहे. भाताच्या बुडाशी, पाण्याला जवळजवळ टेकून राहणारा, पाठीवर पांढरा ठिपका असलेला. त्याला अजून नाव नाही. कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात त्याचे भाऊबंद बाटल्यांत बसलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय माझा कोळी खरंच नवा आहे का हे ठरत नाही. तिथल्या प्राध्यापक रूथबाई भातावरच्या कीटकांच्या मोठ्या जाणकार. त्यांनी मला पाहुणी संशोधक म्हणून सहा महिन्यांसाठी बोलावलं. कॉलेजनं रजा दिली, नवरा 'जा' म्हणाला, सासूबाईंनी लोकरीचे मोजे विणायला घेतले. आणि मग विद्यापीठाचा नियम आडवा आला.

नियम साधा आहे. परदेशातून येणाऱ्या संशोधकाला रोजच्या कामापुरतं इंग्रजी येतं, अशी खात्री बोलावणाऱ्या खात्यानं द्यायची. त्यासाठी पाहुण्यानं एकतर ठरावीक परीक्षेचे गुण दाखवायचे, नाहीतर मुलाखत द्यायची, व्हिडिओवर किंवा समोरासमोर. इतकी वर्षं इंग्रजीत पेपर लिहितेय, मुलाखतीचं काय मोठंसं, अशा तोऱ्यात मी व्हिडिओ निवडला.

पडद्यावर रूथबाई होत्या आणि त्यांच्या कार्यालयातल्या एक बाई. आवाज तुटत होता. अशा वेळी 'परत सांगता का' एवढं म्हटलं की काम होतं, हे मी वर्गात मुलांना रोज सांगते. पण आपल्याहून मोठ्या माणसाला, तेही आपल्याला बोलावणाऱ्या, परत बोलायला कसं लावायचं? मी हसून 'यस, यस' म्हणत राहिले. शेवटी काही विचारायचंय का असं त्यांनी विचारलं, त्यावर 'नो, थँक यू'. मुलाखत झकास झाली असं मी घरात जाहीरसुद्धा केलं.

खात्री देता येत नाही, असं उत्तर आलं. 'प्रयोगशाळेत कुणाचं बोलणं समजलं नाही तर काय कराल?' या प्रश्नाला मी 'यस' म्हटलं होतं म्हणे. मुलाखत आणखी एकदाच देता येणार होती. रूथबाईंनी लिहिलं होतं, 'मी भातकापणीच्या आधी बालाघाटला येतेय. तिकडे या, समोरासमोर बसू.' सासूबाईंनी दुसरा मोजा विणायचा थांबवला, तो तसाच सुयांवर राहिला.

बालाघाट

स्टेशनवर मेश्राम सर घ्यायला आले होते. ते बालाघाटच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि रूथबाईंचं इकडचं काम तेच बघतात. मूळ गाव लांजीच्या अलीकडचं, सोयरे निम्मे गोंदिया-भंडाऱ्याकडचे.

"जय भीम मॅडम. गाडीत तरास त नाही झाला?" त्यांनी माझी बॅग घेतली. "तुमची मराठी लय शुद्ध हाय जी. आमची ऐकून हासू नका."

मी म्हटलं, हसायला मी कोण, मी इंग्रजीत नापास होऊन आलेय.

"आमी घरी मराठी बोलतो, बजारात हिंदी, कॉलेजात इंग्रजी," ते म्हणाले. "तिन्हीकडचे लोक हासतेत. पर काम कोनाचंच अडत नाही."

ते खरंच होतं. चहाच्या टपरीवर त्यांनी चहा हिंदीत सांगितला, पैसे मराठीत विचारले, आणि टपरीवाल्यानं दोन्हीची मोडतोड करून उत्तर दिलं. कुणी कुणाला थांबवून भाषा तपासत नव्हतं. आमच्याकडे पुण्याच्या हद्दीत शिरलं की 'ण' आणि 'न' वरून माणूस जोखतात. इथं बसल्या बसल्या माझे खांदे जरा सैल झाले.

संध्याकाळी वैनगंगेच्या काठी रूथबाई भेटल्या. साठी ओलांडलेल्या, उंच, डोक्यावर कापडी टोपी, हातात किडे पकडायची जाळी. पाटी पुस्तकं विसरून शाळेत आलेल्या पोरीसारखी मी उभी राहिले. पाठ केलेली वाक्यं ओठावर तयार होती. त्यांनी त्यातलं एकही विचारलं नाही. नदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, इथं किती शांत आहे, नाही? मी म्हटलं, यस. प्रवास नीट झाला का? यस. जेवलात का? खरं म्हणजे सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तरी यस.

"उद्या शेतावर जाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी बोलायचं ते तिथंच कधीतरी बोलू."

कधीतरी म्हणजे कधी, हेही मी विचारलं नाही.

लांजीच्या रस्त्यावर

भात मी जन्मापासून पाहतेय, पण आमचा भात डोंगराच्या मांडीवर वाढतो, पायऱ्यापायऱ्यांनी. इथला सपाट. नजर जाईल तिकडे पिवळं, मध्येच बांधावरचे पळस, लांब कुठं सागाची काळपट रेघ. धुक्यात मोटरसायकली यायच्या, मागं बायका मोहाच्या नाहीतर कसल्याशा पोत्यांवर बसलेल्या. इकडे चिन्नोर नावाचा वासाचा तांदूळ होतो. मेश्राम सरांनी जीप थांबवून एक लोंबी माझ्या तळहातावर चोळली. आमच्या आंबेमोहराचा मला फार अभिमान आहे. तो तसाच राहू दे, पण चिन्नोरचा वास दिवसभर हाताला होता.

त्यांच्या शेतात पोचलो तेव्हा दव होतं. दवात कोळ्यांचं शेत बघावं. एरवी न दिसणारी सगळी जाळी एकदम उघडी पडतात, आणि कळतं की शेत शेतकऱ्याचं कमी आणि त्यांचंच जास्त आहे. मी नेहमीप्रमाणे बांध सोडून चिखलात उतरले आणि एक चप्पल तिथंच अर्पण केली. मेश्राम सरांनी ती काठीनं उकरून काढली, धुऊन आणून दिली.

तेवढ्यात रूथबाईंनी हाक मारली. त्या पानावर वाकल्या होत्या. पानाच्या कडेला पाय पुढं-मागं ताणून एक कोळी काडीसारखा पडला होता.

"विद्या, हा बघा तुमचा कोळी," त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "फोटोत पाठवला होता तोच. म्हणजे तुमच्या डोंगरापासून इथपर्यंत आहे तो. मी आजच तिकडे कळवते."

तो माझा नव्हता. तो प्रत्येक भातशेतात असतो, लांब जबड्याचा, पानावर ताणून झोपणारा. वरून दोघं सारखे दिसतात, पण माझा कधी पानावर चढत नाही आणि दोघांच्या डोळ्यांची मांडणी निराळी. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मी म्हटलं, "यस, यस."

रूथबाईंनी फोटो काढले. मेश्राम सर माझ्याकडे बघत होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, हा त आमच्या इकडं सगळीकडंच दिसते. तुमचा त बुडाशी राह्यते म्हनत होत्या ना?"

"जाऊ द्या हो सर," मी म्हटलं. "त्या इतक्या खूश झाल्यात."

"त्याहीले सांगाले पायजे पर."

मला पुढचा तासभर स्वतःचाच राग येत होता. ज्या कोळ्यासाठी मी समुद्र ओलांडून जाणार, त्यालाच मी एका 'यस'मध्ये दुसऱ्याच्या नावावर करून दिलं होतं.

सुभद्राबाईंचं अंगण

दुपारचं जेवण मेश्राम सरांच्या आईकडे, सुभद्राबाईंकडे होतं. दारापाशी जीपचं चाक बसलं. स्टेपनीही पंक्चर निघाली, तेव्हा दोन्ही चाकं घेऊन सर आणि ड्रायव्हर लांजीला गेले. म्हणजे घरात मराठी आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी मी एकटी राहिले, आणि ते ओसरीत बसेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.

सुभद्राबाई ठेंगण्या, चटपटीत. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताज्या झेंडूची माळ, शेणानं सारवलेली ओसरी, त्यावर आमच्या दोघींसाठी चटया. ताटात चिन्नोरचा भात, पातोडीचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि दिवाळीतले गुळाचे गोड अरसे. ही पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात सोडलेल्या. मी पहिल्या घासाला ठसकले आणि दुसऱ्याला आणखी रस्सा मागून घेतला.

रूथबाईंनी मन लावून खाल्लं. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझं पोट भरलं. आणखी नको."

मी सुभद्राबाईंना सांगितलं, "म्हणतात, फार छान झालंय सगळं."

"मंग घ्या ना जी अजून," म्हणत सुभद्राबाईंनी दोन वडे वाढले.

मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. पाहुणा 'नको' म्हणतो तो त्याचा चांगुलपणा, आपण वाढतो तो आपला. पंगतीत पहिल्या 'नको'ला थांबणारा वाढपी म्हणजे कंजूष. हे भोरला जसं, तसंच लांजीला, आणि हा एक रिवाज दोन्हीकडे सारखा निघाल्यामुळे मी सुखावले होते.

रूथबाईंनी वडे संपवले. पुन्हा म्हणाल्या, "खरंच, आता नको."

मी म्हटलं, "लाजताहेत जरा."

"शर्माओ मत बाई," सुभद्राबाई थेट हिंदीत आल्या आणि भाताचा डाव रिकामा केला. तिसऱ्या वेळी रूथबाईंनी ताटावर हात ठेवला, एकच हात. सुभद्राबाईंनी तो मायेनं बाजूला सारला आणि अरसा ठेवला.

रूथबाईंनी अरसा खाल्ला. मग त्या उठल्या, हात धुतले आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. मी मागोमाग गेले.

"तुम्ही त्यांना काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"यस," मी म्हटलं.

"हे उत्तर नाही. मी तीन वेळा नको म्हणाले. तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

माझी आणखी एक मुलाखत माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती. कॅनडा गेलं, कोळी गेला, मोजे गेले. आणि सगळं जाणारच आहे म्हटल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, मी तोंड उघडलं. इंग्रजीतच, पण पाठ केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

मी म्हटलं, पहिलं नको आमच्याकडे मोजत नाहीत. दुसरं ऐकून घेतात. तिसरं खरं, पण तेही दोन्ही हात ताटावर आडवे धरून वाकलात तर. तुम्ही एक हात ठेवलात, एका हाताला इथं कोण विचारतं? मी पहिल्याच झटक्याला तुमचं नको पोचवलं असतं तर त्या बाईंना वाटलं असतं, रस्सा बिघडला. पहाटेपासून राबल्यात त्या.

"आणि माझ्याकडे," रूथबाई म्हणाल्या, "मी नको म्हटल्यावर कुणी वाढलं तर मला वाटतं, माझं कुणी ऐकतच नाही."

"मग तसं आधी सांगायचं."

"तुम्हालाच सांगत होते ना."

मग मी सगळंच सांगून टाकलं, "आणि सकाळचा कोळी माझा नाही. तो सगळीकडे असतो. माझा बुडाशी राहतो, डोळे वेगळे असतात. तुम्ही चुकलात. कृपा करून ते कुणाला कळवू नका."

रूथबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही प्राध्यापक आहात. मोठ्या आहात. खूश होतात."

"विद्या, तिकडे तुमच्या हाताखाली रसायनं असतील. मी, नाहीतर एखादा विद्यार्थी, चुकीची बाटली दाखवेल. तेव्हाही यस म्हणाल?"

मला मग तो व्हिडिओवरचा प्रश्न आठवला. याच प्रश्नाला मी यस म्हटलं होतं. आता मी नीट उत्तर दिलं. थांबवेन, परत विचारेन, समजलं नाही तर तिसऱ्यांदा विचारेन, आणि चुकत असाल तर सांगेन. बोलताना माझा आवाज चढला होता, हातवारे चालू होते, आणि व्याकरणाचं काय झालं असेल ते सांगवत नाही.

एवढ्यात सुभद्राबाई पदर खोचून बाहेर आल्या. "काहून भांडून राह्यल्या जी तुमी पाव्हणीशी? माह्या जेवणानं काई झालं का तिले?"

आता मात्र दोन्हीकडे खरं सांगणं आलं. रूथबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सुभद्राबाईंना म्हटलं, "आई, त्यांचं पोट केव्हाच भरलं होतं. त्यांनी तीनदा नको म्हटलं. मीच तुम्हाला सांगितलं नाही."

मला वाटलं, बाईंचं मन दुखावणार. त्या कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या.

"हौ, मले दिसत नोतं का? ताटावर हात ठेवला तवाच समजलं मले. पर एवढ्या दुरून आली बिचारी, मंग आग्रह त करावाच लागते. मले वाटलं, तुमी सांगितलं असंल तिले, आता पुरे म्हनायचं कसं ते." आणि रूथबाईंकडे वळून म्हणाल्या, "रुको हां, ओवा अन् गरम पानी आणतो."

मी हे सगळं, माझ्यावरच्या वाक्यासकट, शब्द न चुकवता इंग्रजीत सांगितलं. रूथबाई पोट धरून हसल्या, मग हसणं झेपेना म्हणून बाजेवर आडव्या झाल्या.

ओवा चावून झाल्यावर त्या उठून बसल्या. "नियमाप्रमाणे प्रश्न विचारायला लागतील," म्हणाल्या. त्यांनी विचारले, मी उत्तरं दिली. एक प्रश्न समजला नाही. मी परत विचारला. त्यांनी परत सांगितला. जगात इतकं सोपं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "खात्री मी देईन. आज रात्रीच लिहिते. आणि कोळ्याचे फोटो काढून टाकते."

मला तिथंच, सुभद्राबाईंच्या अंगणात, रडू आलं. सुभद्राबाईंनी मलाही ओवा दिला. चाकं घेऊन परतलेले मेश्राम सर आम्हा तिघींचे चेहरे बघून दारातच थबकले.

"काय झालं जी?"

"काई नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "दोघीही पास झाल्या."

गोंदिया

दुसऱ्या दिवशी परतताना रूथबाई गोंदियापर्यंत माझ्याबरोबर आल्या, त्यांना पुढं दुसरीकडे जायचं होतं. आदल्या दिवशी गावातून निघताना सुभद्राबाईंनी अरश्यांचा डबा पुढं केला होता. रूथबाईंनी दोन्ही हात आडवे धरले, कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, "नको." सुभद्राबाईंनी मान डोलावली, तत्काळ डबा मागं घेतला आणि माझ्या पिशवीत कोंबला.

रूथबाईंनी गाडीतच विद्यापीठाचं उत्तर दाखवलं. खात्री पोचली होती, पुढची कागदपत्रं निघणार होती. मी घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, मग सुया काढते बाहेर.

फलाटावर माझी पुढची गाडी लागली. रूथबाईंनी माझा हात हातात घेतला. "तिकडे यायच्या आधी आमच्याकडून काही हवंय का? कसलीही मदत?"

"नो, नो. काहीच नको. थँक यू."

त्यांनी हात सोडला नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"विद्या, हे पहिलं नको आहे की तिसरं?"

मी आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाही. थंडीचं भय नव्हतं, इंग्रजीचंही आता नव्हतं. रोज पहाटे जाग आणणारी गोष्ट वेगळीच होती. त्या परक्या देशात मी दारातून बाहेर येणार, माणसंच माणसं असणार, आणि त्यातलं एकही माझं नसणार. हे मी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते.

"पहिलं," मी म्हटलं. "विमानतळावर कुणी घ्यायला येईल का?"

"मी येईन," रूथबाई म्हणाल्या. "स्वतः."

'कशाला उगाच तुम्हाला त्रास,' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. नुसतं 'यस' म्हटलं आणि गाडीत चढले.